बढतीचे सुख आणि धास्ती : बर्लिनच्या ‘युनियन’ क्लबचे पाठीराखे (१९६६ ते २०२४)

प्रस्तावना

२०१७ च्या पूर्वार्धात बर्लिन शहराच्या आग्नेय भागातील कोपेनिक येथील फुटबॉल मैदानावर प्रेक्षकांनी एक फलक झळकावला. ‘१. एफ. सी. युनियन बर्लिन’ हा स्थानिक संघ त्या वेळी जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या गुणतक्त्यात अग्रभागी पोहोचला होता आणि पहिल्या श्रेणीत, म्हणजे बुंडेसलिगामध्ये, त्याला प्रथमच प्रवेश मिळण्याची शक्यता निर्माण झाली होती. फलकावरील मजकूर एका शिवीने सुरू होत होता. मराठीत त्याचा भाव सांगायचा तर ‘च्यायला, आपण तर वर चाललो!’ असा होईल. तो फलक प्रतिस्पर्ध्याला डिवचण्यासाठी नव्हता. आपल्याच संघाच्या यशाला उद्देशून काढलेला तो उद्गार होता.

क्रीडा-इतिहासलेखनात विजेत्यांची, विक्रमांची आणि अलीकडे अर्थकारणाची पुष्कळ चर्चा होते. यशाविषयी प्रेक्षकाच्या मनात असलेला संकोच मात्र बहुधा विनोद म्हणून बाजूला सारला जातो. युनियनच्या पाठीराख्यांच्या बाबतीत या विनोदामागे सुमारे अर्धशतकाचा इतिहास उभा आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाच्या आधारे बढतीविषयीच्या संमिश्र भावनेचा विचार केला आहे.

बढतीची रीत

आयपीएलसारख्या स्पर्धांची सवय असलेल्या भारतीय वाचकास बढती आणि घसरण यांची रीत थोडी अपरिचित वाटेल. तेथे शेवटच्या क्रमांकावरील संघही पुढील वर्षी त्याच स्पर्धेत खेळतो. युरोपीय फुटबॉलमध्ये तसे घडत नाही. इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांची लीग स्थापन झाली. १८९२ मध्ये तिला दुसरी श्रेणी जोडली गेली. प्रारंभी वरच्या श्रेणीतील तळाचे आणि खालच्या श्रेणीतील शिखरावरचे संघ परस्परांशी ‘कसोटी सामने’ खेळत. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली या दोन संघांना बरोबरी झाली तरी पुरेसे होते. त्यांनी कोणताही गोल न करता ती साधली. या प्रकाराचा गवगवा झाल्यावर कसोटी सामने रद्द करून आपोआप चढ-उतार होण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. पुढे ती बहुतेक सर्व देशांनी उचलली.

या रीतीत एक अंगभूत विसंगती आहे. खालच्या श्रेणीत सतत जिंकणारा संघ वर जातो आणि तेथे बहुधा सतत हरतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ आणि २०२४-२५ या लागोपाठच्या दोन हंगामांत बढती मिळालेले तिन्ही संघ त्याच वर्षी परत खाली आले. त्यांपैकी ल्यूटन टाउनची कथा विशेष करुण आहे. २००९ मध्ये लीगबाहेर फेकला गेलेला हा क्लब २०२३ मध्ये थेट सर्वोच्च श्रेणीत पोहोचला, २०२४ मध्ये उतरला आणि २०२५ मध्ये आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. वर जाण्याची धास्ती अनाठायी नसते, एवढे यावरून दिसते. परंतु युनियनच्या पाठीराख्यांना पराभवाची विशेष भीती नव्हती. पराभव त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता.

भिंतीआडचा क्लब

युनियनची मुळे १९०६ पर्यंत मागे जातात; सध्याच्या स्वरूपातील क्लब मात्र २० जानेवारी १९६६ रोजी पूर्व बर्लिनमध्ये स्थापन झाला. ओबरश्योनेवाइडे या कारखान्यांच्या वस्तीतील कामगार हा त्याचा मूळ आधार होता. त्याच शहरातील ‘बी. एफ. सी. डायनॅमो’ हा क्लब राज्य सुरक्षा खात्याच्या छत्राखाली होता आणि त्या खात्याचे प्रमुख एरिक मील्के त्याचे उघड आश्रयदाते होते. १९७९ ते १९८८ या काळात डायनॅमोने सलग १० वेळा पूर्व जर्मनीचे अजिंक्यपद मिळवले. युनियन मात्र वरच्या आणि खालच्या श्रेणींमध्ये ये-जा करीत राहिला. जर्मन भाषेत अशा संघाला लिफ्टची उपमा देतात.

युनियनला मोठे यश एकदाच मिळाले. १९६८ साली त्याने कार्ल त्साइस येना संघाचा २-१ असा पराभव करून पूर्व जर्मनीचा चषक जिंकला. या विजयामुळे युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत खेळण्याचा हक्क मिळाला होता. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉर्सा करारातील सैन्ये चेकोस्लोव्हाकियात शिरली. त्यातून युरोपीय फुटबॉलमध्ये पूर्व-पश्चिम वाद पेटला आणि पूर्वेकडील देशांच्या क्लबांनी माघार घेतली. युनियनला युरोपात खेळताच आले नाही. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, संघ खालच्या श्रेणीत गेला.

युनियनचा प्रत्येक चाहता राज्याचा शत्रू नव्हता, पण राज्याचा प्रत्येक शत्रू युनियनचा चाहता होता, अशा अर्थाची उक्ती पुढे फार लोकप्रिय झाली. इतिहासाच्या अभ्यासकाने ती जपूनच वापरावी. युनियनलाही राज्याच्या क्रीडायंत्रणेतून आणि कारखान्यांतून साहाय्य मिळत होते, आणि मैदानावर येणारे बहुसंख्य लोक राजकीय बंडासाठी येत नव्हते. फुटबॉल पाहून झाल्यावर बिअर पिऊन ते घरी जात. मात्र सत्तेच्या लाडक्या संघाविरुद्ध आपला न जिंकणारा संघ उभा आहे, ही जाणीव खरी होती. जिंकण्याचा संबंध लबाडीशी, तर हरण्याचा संबंध सचोटीशी जोडण्याची सवय याच काळात जडली असावी. २०१७ मधील फलकाचे एक मूळ येथे सापडते.

रक्त, घाम आणि सिमेंट

जर्मनीच्या एकीकरणानंतर ही सवय मोडण्याऐवजी अधिकच पक्की झाली. १९९१ मध्ये पूर्वेकडील केवळ दोन क्लबांना, ड्रेस्डेन आणि रोस्टॉक यांना, बुंडेसलिगात स्थान मिळाले. युनियन खालीच राहिला. १९९३ मध्ये संघाने मैदानावर दुसऱ्या श्रेणीची पात्रता सिद्ध केली होती, परंतु सादर केलेली बँक हमी बनावट असल्याचे उघडकीस आले आणि परवाना नाकारण्यात आला. ती जागा बर्लिनच्याच टेनिस बोरुसिया या क्लबला मिळाली. म्हणजे बढती मिळूनही ती कार्यालयात हरवली, आणि दोष आपल्याच घरातला होता. या घटनेचा उल्लेख पाठीराखे आजही टाळत नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या श्रेणीतील प्रवेशासाठी २००१ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यातही युनियन पोहोचला आणि शाल्केकडून ०-२ असा हरला. २००४ मध्ये पुन्हा घसरण झाली. परवाना टिकवण्यासाठी सुमारे १५ लाख युरोंची तजवीज दाखवणे आवश्यक होते. तेव्हा ‘युनियनसाठी रक्त सांडा’ ही मोहीम निघाली. चाहत्यांनी खरोखरच रक्तपेढीत जाऊन रक्त दिले आणि त्याबद्दल मिळणारा मोबदला क्लबला अर्पण केला. २००५ मध्ये संघ चौथ्या श्रेणीपर्यंत खाली गेला.

यापुढचा प्रसंग या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘आन डेर आल्टन फोर्स्टेराय’ म्हणजे ‘जुन्या वनाधिकारी-निवासापाशी’ असे नाव असलेले युनियनचे मैदान जंगलाच्या कडेला आहे. तेथील पायऱ्या मोडकळीस आल्या होत्या आणि वरच्या श्रेणीचे नियम त्या पूर्ण करू शकत नव्हत्या. क्लबकडे पैसा नव्हता. २००८ च्या उन्हाळ्यापासून वर्षभर २ हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतःच बांधकाम केले. त्यांनी दिलेल्या विनावेतन श्रमाचे तास सुमारे १ लाख ४० हजार भरले. गवंडीकाम जाणणाऱ्यांनी गवंडीकाम केले, काही न जाणणाऱ्यांनी ढकलगाड्या ओढल्या. २००९ मध्ये नवे स्टेडियम खुले झाले, आणि संघ तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून त्याच वर्षी वर गेला. २०११ मध्ये स्टेडियमच्या मालकीचे समभाग प्रत्येकी ५०० युरो दराने सभासदांना विकण्यात आले. ४ हजारांहून अधिक सभासदांनी ते घेतले.

तिकीट विकत घेणारा प्रेक्षक आणि स्वतः पायरी बांधून तिच्यावर उभा राहणारा प्रेक्षक यांत मूलभूत फरक आहे. पहिल्याला अधिक चांगला खेळ हवा असतो. दुसऱ्याला, चांगला खेळ पाहण्यासाठी आपल्याला ही पायरी सोडावी लागणार काय, असा प्रश्न पडतो. सुमारे २२ हजार क्षमतेच्या या स्टेडियममध्ये आसने जेमतेम साडेतीन हजार आहेत. उरलेले लोक उभ्याने सामना पाहतात. २००३ मध्ये नाताळच्या सुमारास ८९ चाहते कोणाची परवानगी न घेता रिकाम्या मैदानात शिरून गाणी म्हणत उभे राहिले होते. त्याचा पुढे हजारोंचा वार्षिक सोहळा झाला. ज्यांच्या हातून हे सर्व घडले, त्यांना वरची श्रेणी म्हणजे महाग तिकिटे, दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरणाऱ्या वेळा आणि केवळ तमाशा पाहायला येणारे नवे लोक अशी दिसू लागली, तर ते अस्वाभाविक म्हणता येणार नाही.

इंग्लंडमधील विंबल्डन क्लबचा दाखला या संदर्भात बोलका आहे. १९७७ मध्ये लीगमध्ये आलेला हा क्लब अवघ्या ९ वर्षांत सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि १९८८ मध्ये त्याने लिव्हरपूलला हरवून एफ. ए. चषक जिंकला. हिल्सबरो दुर्घटनेनंतरच्या टेलर अहवालाने वरच्या श्रेणींतील सर्व प्रेक्षकांसाठी आसने अनिवार्य ठरवली. क्लबने १९९१ मध्ये प्लाव लेन हे आपले मैदान सोडले, आणि २००२ मध्ये त्याला मिल्टन कीन्स या दूरच्या नगरात स्थलांतर करण्याची परवानगी देण्यात आली. पाठीराख्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढून तळापासून सुरुवात केली. २०२० मध्ये तो जुन्या मैदानाच्या परिसरात परतला. क्लब वर जातो आणि पाठीराखे मागे राहतात, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बढतीविषयीची नाराजी मिरवणे हा हळूहळू युनियनच्या प्रतिमेचाच भाग बनला. ‘आम्ही वेगळे आहोत’ हे सांगणाऱ्या क्लबकडे जगभरची माणसे ओढली जातात, वस्तू विकत घेतात आणि सभासद होतात. बाजाराला नाक मुरडणे बाजारात चांगले विकले जाते. चाहत्यांपैकी अनेकांना हे उमगले होते आणि त्याची टिंगलही ते करीत. शिवाय २०१७ च्या हंगामात संघ अखेर चौथा आला तेव्हा त्या फलकाखाली उभे राहणारे लोकही हळहळलेच.

वर गेल्यानंतर

२०१८-१९ च्या हंगामात थेट बढती अखेरच्या दिवशी हुकली. मग वरच्या श्रेणीत तळाकडून तिसऱ्या आलेल्या श्टुटगार्टशी दोन सामने झाले. पहिला २-२ आणि दुसरा, २७ मे २०१९ रोजी कोपेनिकमध्ये, ०-० असा बरोबरीत सुटला. परक्या मैदानावरील गोलांच्या बळावर युनियन बुंडेसलिगात पोहोचला. क्षणार्धात हजारो लोक हिरवळीवर उतरले. फलकावरील शिवी त्या रात्री कोणाला आठवली असेल, असे वाटत नाही.

१८ ऑगस्ट २०१९ रोजी बुंडेसलिगातील पहिला सामना झाला. प्रतिस्पर्धी होता आर. बी. लाइपझिग, म्हणजे एका पेय-कंपनीने २००९ मध्ये उभा केलेला संघ. निषेध म्हणून युनियनच्या प्रेक्षकांनी पहिली १५ मिनिटे मौन पाळले. त्याआधी मात्र त्यांनी दिवंगत पाठीराख्यांची मोठी छायाचित्रे उंच धरली होती. हा दिवस पाहण्यापूर्वी निधन पावलेल्या ४५५ जणांसाठी क्लबने तिकिटे दिली होती. ‘अखेर आम्हीही आलो’ अशा आशयाचे नाव या उपक्रमाला होते. सामना ०-४ असा गमावला गेला. बढतीविषयीच्या द्विधा भावनेचे दोन्ही पदर त्या दिवशी एकाच पायरीवर उभे होते. मृतांच्या वतीने ऋण फेडल्याचे समाधान होते, आणि ज्यांच्या पंक्तीत येऊन बसलो त्यांच्याविषयीची अढीही होती. यांपैकी एक भावना खरी व दुसरी दिखाऊ ठरवण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा.

पुढील काळाने पाठीराख्यांची थट्टाच केली. बायर्न म्युनिक १७ मे २०२० रोजी लीगच्या सामन्यासाठी प्रथमच कोपेनिकमध्ये आला, तेव्हा कोरोना साथीमुळे स्टेडियम रिकामे होते. संघ मात्र वर चढतच राहिला. तो २०२१ मध्ये सातवा, २०२२ मध्ये पाचवा आणि २०२३ मध्ये चौथा आला. चौथ्या क्रमांकाने चॅम्पियन्स लीगचे दार उघडले. तोवर सभासदांची संख्या स्टेडियमच्या क्षमतेच्या दुपटीहून पुढे गेली होती. अधिकाधिक सभासदांना सामने पाहता यावेत म्हणून ते शहराच्या पश्चिम भागातील ऑलिम्पिक स्टेडियमवर घेण्यात आले. ते हेर्था बर्लिनचे घर होते, आणि हेर्था त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, जर्मन एकीकरणाच्या दिवशी, ७० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ब्रागाविरुद्ध २-० अशी आघाडी घेऊन युनियन अखेरच्या क्षणी २-३ असा हरला. १९६८ मध्ये राजकारणाने जे हिरावून घेतले होते, त्याहून कितीतरी मोठे काही हाती आले होते; पण ते आपल्या पायऱ्यांवर उभे राहून पाहता आले नाही.

त्याच हंगामात संघाची लीगमध्येही घसरगुंडी झाली. १८ मे २०२४ रोजी, शेवटच्या दिवशी, कोपेनिकमध्ये फ्रायबुर्गविरुद्ध अतिरिक्त वेळेत मिळालेल्या गोलाने २-१ असा विजय मिळाला आणि बुंडेसलिगातील स्थान वाचले. त्याच वर्षी क्लबने स्टेडियमची क्षमता ४० हजारांवर नेण्याचा नवा आराखडा जाहीर केला. त्यातही बहुसंख्य जागा उभ्याने पाहण्याच्याच ठेवल्या आहेत. मात्र बांधकामाच्या काळात काही दिवस पुन्हा ऑलिम्पिक स्टेडियमवर खेळावे लागेल, आणि २००८-०९ मध्ये चाहत्यांनी आपल्या हातांनी ओतलेल्या काँक्रीटच्या पायऱ्यांच्या जागी नव्या पायऱ्या येतील.