मधली पायरी

अमरावतीजवळच्या वलगावी, पेढी नदीच्या पुलापाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. निरक्षर असलेले बाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत. उत्तर देता देता श्रोता स्वतःच विचार करू लागे.

ही रीत आपल्याला परकी नाही. गोव्यात १६१६ साली छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्सकृत ‘क्रिस्तपुराणा’तही श्रोते शंका काढतात आणि पाद्री गुरू त्यांचे निरसन करतात. पवित्र शास्त्र सर्व भाविकांना सहज उपलब्ध व्हावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ आपल्या हाती दिले. ग्रंथ घरी आला. तो उकलण्याची बैठक मात्र मोडली.

रविवारच्या मिस्सेत आपण तीन वाचने ऐकतो. घरी पोहोचेपर्यंत त्यांतील किती उरते? मुलाने शंका विचारली की ‘श्रद्धा ठेव’ म्हणून आपण त्याला गप्प करतो.

एम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूने प्रथम शिष्यांना प्रश्न केला, मग शास्त्र उलगडले आणि त्यानंतरच भाकर मोडली. आपल्या वेदीवर भाकर नित्य मोडली जाते. मधली पायरी आपण गाळू नये, असे आम्हांला वाटते.