विंडोज १० चे अपडेट थांबले, जुना कॉम्प्युटर भंगारात टाकू नका! मोफत 'लिनक्स मिंट' कसं टाकायचं, कुणी टाकू नये, वाचा सविस्तर

गावात ज्यांच्या घरी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे, त्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून विंडोज १० च आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. जादा मुदतीसाठी नोंदणी केलेल्यांना आणखी काही काळ सुरक्षेचे अपडेट मिळतात, बाकीच्यांना नाही. कॉम्प्युटर बंद पडत नाही, चालू राहतो. पण नवीन व्हायरस आला, की त्याला अडवणारी दुरुस्ती येत नाही.

मग विंडोज ११ का टाकू नये? तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्याकडचे दहा वर्षांपूर्वीचे डबे त्यात बसत नाहीत. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. सोयाबीनचा भाव बघून नवीन लॅपटॉप घेणं सगळ्यांनाच जमतं असं नाही.

यावर एक चांगला मार्ग आहे, तो म्हणजे लिनक्स. या बातमीदाराच्या घरचा जुना कॉम्प्युटर आज लिनक्सवर चालतो आणि ही माहितीही त्यावरच टाईप केली आहे. पण हे करताना माझं एक मोठं नुकसान झालं, तेही खाली सांगतो. तुमचं होऊ नये म्हणून.

लिनक्स म्हणजे काय?

विंडोज जसं कॉम्प्युटर चालवतं, तसंच लिनक्सही चालवतं. फरक इतकाच, की ते मोफत आहे आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. कुणीही बघू शकतो, सुधारू शकतो, शेजाऱ्याला कॉपी करून देऊ शकतो. यात चोरी नाही, क्रॅक नाही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये याची सुरुवात केली. आता जगभरातले लोक आणि कंपन्या मिळून ते सांभाळतात.

हे काहीतरी परकं, अवघड आहे असं वाटत असेल तर एक लक्षात घ्या. तुमच्या खिशातला अँड्रॉइड मोबाईल आतून लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं कितीतरी वर्षं अशाच मोफत प्रणालीवर कॉम्प्युटर शिकतात. आपल्या देशातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचं लिनक्स तयार केलं आहे.

लिनक्सचे प्रकार भरपूर आहेत. त्याला बियाण्याचे वाण म्हणा. नवख्या माणसाने 'लिनक्स मिंट' घ्यावं. त्याचा पडदा जुन्या विंडोजसारखा दिसतो: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. मिंटमध्येही तीन रूपं आहेत, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. कॉम्प्युटर जुना असेल तर एक्सएफसीई घ्या, ते सगळ्यात हलकं आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आपल्या कॉम्प्युटरवर चालेल का?

- प्रोसेसर ६४ बिटचा हवा. गेल्या बारा-पंधरा वर्षांतले बहुतेक तसेच आहेत.
- रॅम कमीत कमी २ जीबी. नीट काम करायचं तर ४ जीबी.
- डिस्कवर कमीत कमी २० जीबी जागा. १०० जीबी असेल तर उत्तम.

कुणी लिनक्स टाकू नये?

हे आधी वाचा, नंतर पस्तावू नका.

- ज्यांचा हिशोब टॅलीवर आहे. टॅली लिनक्ससाठी निघत नाही.
- फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम करणारे. कोरलड्रॉ, फोटोशॉप, पेजमेकर थेट चालत नाहीत.
- सेवा केंद्र चालवणारे. अंगठा घेण्याची मशीन आणि डिजिटल सही यांचे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोजसाठीच असतात. मशीन देणाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.
- जुन्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये रोज टायपिंग करणारे. फॉन्टची फाईल टाकली तर जुनी कागदपत्रं वाचता येतात, पण टायपिंगचं ते सॉफ्टवेअर चालत नाही.

बाकी सातबारा काढणं, महाडीबीटीचा अर्ज, ईमेल, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मुलांचा ऑनलाईन अभ्यास, पत्र लिहिणं, हिशोबाचा तक्ता करणं ही कामं ब्राउझरमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये होतात. लिब्रेऑफिस मिंटबरोबर फुकट येतं आणि वर्ड-एक्सेलच्या फाईल उघडतं. कधीमधी ओळी किंवा रकाने थोडे इकडेतिकडे होतात, इतकंच.

माझ्याकडून काय चूक झाली

मोबाईलची मेमरी भरली, की मी फोटो कॉम्प्युटरवर टाकून मोबाईल रिकामा करायचो. गारपिटीचे पंचनामे, ग्रामसभा, यात्रा असे बातमीदारीचे पाच-सहा वर्षांचे फोटो त्यात होते. वडिलांच्या शेवटच्या वारीचे फोटोही त्यातच. लिनक्स टाकताना एका ठिकाणी 'इरेज डिस्क' असा पर्याय येतो. मला वाटलं फक्त विंडोज पुसेल, 'डी' ड्राईव्ह राहील. लाईट जायची वेळ झाली होती, घाईत पुढे पुढे दाबत गेलो. सी, डी, ई सगळं पुसलं. एका जाणकाराकडे डिस्क नेली, थोडे फोटो निघाले, तेही अर्धे कापलेले. वारीचा एकही निघाला नाही. आईने दोन-तीनदा विचारलं, 'त्यातला एक मोठा करून भिंतीला लावू' म्हणून. काय सांगणार?

लिनक्सचा यात दोष नव्हता. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं, मीच वाचलं नाही. म्हणून पुढची पहिली पायरी कुणीही चुकवू नये.

पायरी १ : आधी सगळं बाहेर काढा

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, पिक्चर्स आणि डी-ई ड्राईव्ह एकेक उघडून बघा. फोटो, जमिनीचे आणि सोसायटीचे कागद, मुलांचे दाखले, बायोडाटा, जुने फॉन्ट सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राईव्हवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फोटो उघडून बघा. उघडले तरच कॉपी झाली समजा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत उतरवून घ्या.

याहून चांगला उपाय म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा आणि नवीन एसएसडी बसवून त्यावर लिनक्स टाका. जुना डेटा जसाच्या तसा राहतो. शिवाय एसएसडीमुळे जुना कॉम्प्युटर जितका वेगाने पळतो, तितका दुसऱ्या कशाने पळत नाही.

पायरी २ : फाईल डाऊनलोड करा

लिनक्समिंट डॉट कॉम या अधिकृत वेबसाईटवरूनच एक्सएफसीईची आयएसओ फाईल घ्या. ती जवळपास ३ जीबीची असते. मोबाईलच्या रोजच्या पॅकमध्ये ती बसणार नाही. तालुक्याला ज्याच्याकडे फायबरचं नेट आहे, त्याच्याकडून पेनड्राईव्हवर आणा. टेलिग्रामवर किंवा कुठल्याही अनोळखी लिंकवर मिळालेली फाईल टाकू नका.

पायरी ३ : पेनड्राईव्ह तयार करा

८ जीबीचा पेनड्राईव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाईल, त्यामुळे आधी रिकामा करा. ती फाईल नुसती कॉपी करून चालत नाही. विंडोजवर 'रुफस' किंवा 'बलेना एचर' हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राईव्ह निवडा, आयएसओ फाईल निवडा आणि स्टार्ट किंवा फ्लॅश दाबा. काही मिनिटांत तयार होतो. त्या वेळी दुसरा पेनड्राईव्ह किंवा हार्ड डिस्क लावलेली असेल तर काढून ठेवा, चुकून तीच निवडली जायला नको.

पायरी ४ : न टाकताच चालवून बघा

लिनक्सची ही सगळ्यात मोठी सोय. कॉम्प्युटर बंद करा, पेनड्राईव्ह लावा, चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल, लेनोव्हो, एसरवर बहुधा एफ १२. एचपीवर एस्केप आणि मग एफ ९. असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीतून पेनड्राईव्ह निवडा आणि पहिली ओळ 'स्टार्ट लिनक्स मिंट' घ्या.

आता लिनक्स पेनड्राईव्हवरूनच चालतं. तुमच्या डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. थोडं हळू चालेल, घाबरू नका. तासभर वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, यूट्यूब चालतं का, प्रिंटर छापतो का, कॅमेरा दिसतो का, एकेक बघा. प्रिंटरची खात्री नक्की करा, काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात. जमलं नाही तर कॉम्प्युटर बंद करून पेनड्राईव्ह काढा, विंडोज जागच्या जागी आहे.

वायफाय लागलं नाही तर मोबाईल केबलने जोडा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट मिळतं. लिनक्स टाकून झाल्यावर मेनूतल्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून वायफायचा ड्रायव्हर मिळाला तर टाकून घ्या.

पायरी ५ : आता टाका, पण लाईट बघून

लाईटचं वेळापत्रक बघूनच बसा. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घ्या, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. एसएसडीवर अर्ध्या तासाच्या आत होतं, जुन्या हार्ड डिस्कवर जास्त वेळ जातो. मधेच लाईट गेली तर काम अर्धवट राहतं आणि कॉम्प्युटर चालू होत नाही. पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' या चिन्हावर दोनदा क्लिक करा. भाषा विचारेल. मराठीही आहे, पण इंग्रजी ठेवा, अडचण आली तर यूट्यूबवर उत्तर शोधायला सोपं जातं. कीबोर्ड आहे तोच ठेवा. मल्टिमीडिया कोडेक्सवर टिक करा, म्हणजे गाणी-व्हिडिओ चालतील.

पुढचा पडदा महत्त्वाचा. इथे हात थांबवा.

- इन्स्टॉल अलाँगसाईड : विंडोजही राहतं आणि लिनक्सही बसतं. चालू करताना कुठलं हवं ते विचारतं. त्याआधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. बिटलॉकर चालू असेल तर तेही बंद करा.
- इरेज डिस्क : त्या डिस्कवरचं सगळं जातं. सी, डी, ई सगळं. कॉपी तपासली असेल तरच हा पर्याय घ्या.
- समथिंग एल्स : जागा आपल्या हाताने वाटायची. माहिती नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर एकदा शेवटची खात्री विचारतो. वाचा, घरात कुणी शिकलेलं असेल तर त्यालाही दाखवा, मगच पुढे जा. नंतर नकाशावर कोलकाता येईल, ती भारताची वेळ आहे. नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, नवीन काही टाकताना दर वेळी लागतो. शेवटी रीस्टार्ट, सांगेल तेव्हा पेनड्राईव्ह काढायचा आणि एंटर दाबायचं.

पायरी ६ : पहिल्या दिवशी करायची कामं

१. पट्टीवर उजवीकडे ढालीचं चिन्ह दिसेल, तो अपडेट मॅनेजर. त्यातून अपडेट घ्या.
२. 'टाईमशिफ्ट' चालू करा. पुढे अपडेटने काही बिघडलं तर प्रणाली मागे नेता येते. मात्र तुमचे फोटो त्यात साठवले जात नाहीत, त्यांची कॉपी वेगळीच ठेवावी लागते.
३. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआऊट जोडा. मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही मिळतात.
४. लागणारी बाकीची सॉफ्टवेअर 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून घ्या. मोबाईलच्या प्ले स्टोअरसारखंच आहे.

दोन गैरसमज

'लिनक्सला व्हायरस लागत नाही' असं लोक सांगतात. कमी लागतात, हे खरं. पण फोनवर कुणाला ओटीपी सांगितला किंवा खोट्या वेबसाईटवर बँकेचा पासवर्ड टाकला, तर लिनक्स तुम्हाला वाचवणार नाही.

दुसरं, 'फुकट आहे म्हणजे दुकानदाराने पैसे मागू नयेत.' सॉफ्टवेअर फुकट आहे, माणसाची मेहनत फुकट नाही. टाकून देण्याची मजुरी कुणी घेतली तर त्यात गैर नाही. पण लिनक्सच्या 'लायसन्स'चे म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका.

कुणाकडूनही टाकून घ्या, पण डिस्क पुसण्याआधी तुमच्या डेटाची कॉपी तुमच्या हातात असू द्या. दुकानदार 'मी घेतो बॅकअप, काळजी करू नका' म्हणाला तरी त्याच्यासमोर बसून चार फोटो उघडून बघा आणि मगच त्याला हो म्हणा.