अंगणवाडी आणि मॉन्टेसरी : दोन पाट्या, एक घराणे

नवी मुंबई परिसरात, पनवेल–दिवा लोहमार्गावर नावडे नावाचे गाव आहे. एका बाजूस जुने गावठाण, दुसऱ्या बाजूस सिडकोने आखलेली वसाहत. अशा गावांत बालशाळांच्या दोन तऱ्हेच्या पाट्या आढळतात. गावठाणातल्या पाटीवर ‘अंगणवाडी’ असते. नव्या इमारतींच्या तळमजल्यावर, रंगीत अक्षरांत, ‘मॉन्टेसरी’. पहिलीकडे पालक खाऊ नि लसीकरणासाठी पाहतात, दुसरीकडे शिक्षणासाठी. या दोन्ही पाट्या एकाच घराण्यातल्या आहेत, एवढेच आजच्या धाग्याचे म्हणणे. धागा लांब आहे, मित्रहो, सवडीने वाचा.

आरंभ रोममध्ये. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. मॉन्टेसरी पेशाने डॉक्टर. आईबाप दिवसभर कामावर, मुले जिन्यांवर मोकाट. ती भिंती खराब करतात, ही घरमालकांची तक्रार. जगभर आज जे नाव महागड्या बालशाळांना शोभा देते, ते मुळात चाळीतल्या उपेक्षित पोरांसाठी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवू या. पुढे कामाला येईल.

पद्धतीचे मर्म थोडक्यात असे. दहा गुलाबी घन घ्या. सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा. मूल ते एकावर एक रचते. चुकले तर मनोरा वेडावाकडा दिसतो आणि मुलाला स्वतःलाच ते खुपते. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसणारे दंडगोल असतात. एक चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतोच. म्हणजे चूक दाखवण्याचे काम साधनच करते, शिक्षकाने ‘चूक!’ असे ओरडण्याची गरज नाही. काय उचलायचे, किती वेळ खेळायचे, कधी थांबायचे, हे मूल ठरवते. छडीच्या जमान्यात ही केवढी उलथापालथ होती, याची कल्पना करा.

हे सारे आपल्याकडे आले ते भावनगरमार्गे. वकिली सोडून शिक्षणात उतरलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये तिथे रुजू झाल्या ताराबाई मोडक. प्रार्थना समाजी घरात वाढलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ मासिकाची मराठी आवृत्ती ताराबाईंनी सांभाळली. येथे कालक्रमाची एक गंमत आहे. मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या त्या नोव्हेंबर १९३९ मध्ये, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून, मद्रासच्या अड्यारला. महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम या देशात लांबला. पण तोवर त्यांची पद्धत गुजराती नि मराठी बोलू लागून दीड तपाहून अधिक काळ लोटला होता, आणि ती पुरेशी बदललीही होती. लहानग्यांना पऱ्या-राक्षसांच्या कल्पित गोष्टी सांगाव्यात, हे मॉन्टेसरींना पसंत नव्हते. गिजुभाईंची तर अर्धी शाळा गोष्टींवर चाले. ताराबाईंनी तिच्यात गाणी, नाच, सण मिसळले. कडव्या अनुयायांना हे भेसळीचे वाटले असते. मला ही भेसळ फार महत्त्वाची वाटते, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघाले.

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. तो नावारूपाला आला. मात्र तेथे येणारी मुले मध्यमवर्गाची. नऊ वर्षांनी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ही बाई दादर सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेली आणि १९४५ मध्ये तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुतार्इंना बालपणीच वैधव्य आलेले, नंतर शिकून त्या शिक्षिका झालेल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षे, म्हणजे १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत, त्यांचे कार्यक्षेत्र हाच परिसर राहिला.

१९४५ हे साल इतिहासाच्या विद्यार्थ्याला लगेच थांबवते. त्याच वर्षी, त्याच डहाणू–उंबरगाव पट्ट्यात, वारल्यांचा उठाव पेटला होता. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा ‘लग्नगडी’ आणि फुकट राबवून घेणारी वेठ, या दोहोंविरुद्ध किसान सभेच्या नेतृत्वाखाली लोक उभे ठाकले. गोदावरी नि शामराव परुळेकर त्यांच्यात होते. ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच दिवसांविषयी आहे.

बोर्डी आणि तलवाडा ही दोन नावे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एका पानावर येत नाहीत. एक ‘शिक्षण’ या प्रकरणात जाते, दुसरे ‘शेतकरी चळवळ’ या प्रकरणात. पण ज्या मुलाचा बाप वेठीला जात होता, तेच मूल बालवाडीत येणार होते. किंबहुना येणार नव्हते. आणि या न येण्यातच आपल्या शब्दाचा जन्म आहे.

बालवाडी उघडली, तरी दलित नि आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. थोरली भावंडे धाकट्यांना कडेवर घेऊन हिंडत, आई मजुरीला, अंगावर कपडा नाही, आणि गावातल्या इतरांच्या मुलांशेजारी बसायचे तर शतकांची भीती. पुष्कळशा सुधारकांनी अशा वेळी ‘लोकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ असे लिहून ठेवले आहे. ताराबाईंनी दुसरा निष्कर्ष काढला : मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. मग दोन प्रकार झाले. एक मध्यवर्ती बालवाडी, आणि दुसरी अंगणातली. शिक्षिका वस्तीवर जाई, जे अंगण मिळेल तिथे मुलांना जमवी. नखे काढणे, हातपाय धुणे, केस विंचरणे, गाणे, गोष्ट, खेळ. धाकटे भावंड कडेवर असले तरी चाले.

मूल काय खेळेल हे मुलाने ठरवावे, इथवर मॉन्टेसरींची शिकवण होती. शाळा कुठे भरेल हेसुद्धा मुलाच्या जगण्यावरून ठरावे, ही बोर्डीची भर. माझ्या मते मराठी बालशिक्षणाचे सर्वांत मौलिक योगदान ते हेच.

साधनांचाही प्रश्न होता. काटेकोर मापाचे लाकडी संच पाड्यावर परवडणार कोणाला? तेव्हा शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, माती हीच साधने झाली. बोर्डीला समुद्र अंगणाशीच आहे. शिंपले आकाराप्रमाणे मांडायचे, बिया रंगाने निवडायच्या, ओल्या मातीत बोटाने रेघ ओढायची. यात काही मिळाले, काही गेलेही. शिंपल्याला सेंटिमीटरचे माप नसते. चूक आपोआप उघडी पडत नाही. म्हणून साधनाने करायचे काम पुन्हा शिक्षिकेच्या नजरेवर आले. साधन स्वस्त झाले तसे माणूस अधिक मोलाचे झाले. हा हिशेब नीट लक्षात घेतला नाही, की ‘कमी खर्चाचे शिक्षण’ म्हणजे ‘कमी पगाराची बाई’ असा सोयीस्कर अर्थ निघतो. तो पुढे निघालाच.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या अधिक निकट गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकांना लागून उभी राहिली, म्हणजे धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरलीला वर्गात बसता यावे. तरी गुरे राखणारी मुले उरलीच. त्यांच्यासाठी निघाली कुरणशाळा : गुरे चरतात तिथेच शाळा. ‘गळती’ हा शब्द शिक्षण खात्याच्या अहवालांत आपण नेहमी वाचतो. कुरणशाळा हे त्याला दिलेले फार जुने आणि फार साधे उत्तर आहे. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मिळाले तर जरूर वाचा.

एक शंकाही नोंदवतो. आंघोळ, नखे, केस हा पहिला धडा असणे, यात मध्यमवर्गीय नीटनेटकेपणाचे माप वारली मुलाला लावले गेले, असे कुणी म्हटल्यास ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु खरजेने बेजार झालेल्या मुलाला प्रथम पाणी हवे असते, हेही तितकेच खरे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. या नावामागे बोर्डीच्या प्रयोगाची प्रेरणा होती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहाराचे शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. आहार मोजता येतो, वजन नोंदवहीत लिहिता येते, लस टोचल्याची खूण करता येते. चार वर्षांच्या मुलीने अर्धा तास कुणी न सांगता शिंपले मांडले, याला नोंदवहीत रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते मागे पडते. कुपोषणाशी लढण्यात अंगणवाडीने केलेले काम मोठे आहे, त्याला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण अंगण राज्यव्यवस्थेने उचलले आणि त्यातला खेळ वाटेत सांडला.

खेळ मग बाजाराने उचलला. नावड्यासारख्या ठिकाणी, जिथे भातशेती जाऊन इमारती आल्या आणि दोन्ही पालक कामावर जाऊ लागले, तिथे गरज थेट सान लोरेन्झोसारखीच आहे. फक्त आता त्या नावाला शुल्क आहे.

कायद्यानेही या वयाला उंबऱ्याबाहेरच ठेवले. संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या शिक्षणाचा उल्लेख होता, खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला मूलभूत हक्क दिला, आणि सहाखालच्यांसाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढेच उरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ तीन ते सहा वयाच्या मुलांबद्दल बोलते, तेही सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ अशा भाषेत.

आणि त्या अंगणात बसणारी बाई? तिला अजूनही वेतन नसते, मानधन असते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय दिला. खटला गुजरातमधल्या सेविकांचा होता. त्यांचे काम ‘मानसेवी’ नाही हे ठरवताना न्यायालयाने ज्या कर्तव्यांचा आधार घेतला, त्यांत आहाराबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षणही होते.