पाल नर की मादी? एकत्र ठेवण्याआधीच ओळखा

जालना : मराठी घरात पाल आली की तिच्यामागोमाग शंकाही येते. ती अंगावर पडली तर फळ काय, हे पंचांगात पाहणारे आजही आहेत. पल्लीपतनाच्या या फळात पाल पुरुषाच्या अंगावर पडली की स्त्रीच्या, याचा विचार केलेला असतो. पाल स्वतः नर होती की मादी, याचा मात्र नाही. हौसेने पाली पाळणाऱ्यांना हाच प्रश्न सर्वप्रथम सोडवावा लागतो. दोन नर एका काचपेटीत ठेवले तर ते हद्दीसाठी एकमेकांना चावून जखमी करतात, प्रसंगी शेपटीही गळते. नर आणि मादी नकळत एकत्र राहिली तर मादी लहान वयातच अंड्यावर येते आणि तिच्या शरीरातील कॅल्शियम झपाट्याने खर्च होते. अंडी पोटात अडकली तर ती दगावू शकते.

छिद्रांची रांग

सर्वांत भरवशाची खूण पोटाकडून दिसते. हौशी लोकांत प्रिय असलेल्या लेपर्ड गेको या जातीत मागच्या दोन पायांच्या मध्ये, गुदद्वाराच्या किंचित पुढे, खवल्यांवर छिद्रांची एक रांग असते. तिचा आकार घराच्या उतरत्या छपरासारखा असून टोक डोक्याच्या दिशेला असते. वयात आलेल्या नरात ही छिद्रे ठळक असतात आणि त्यांतून मेणासारखा स्राव येतो. आपली हद्द आखण्यासाठी नर त्याचा उपयोग करतो. मादीतही पुसट खळगे दिसू शकतात, परंतु त्यांत मेण नसते. नवशिक्यांची फसगत बहुधा येथेच होते.

दुसरी खूण शेपटीच्या मुळाशी सापडते. नराची जननेंद्रिये दोन असतात आणि एरवी ती शेपटीत आत दुमडलेली असतात. त्यामुळे गुदद्वारामागे शेजारी शेजारी दोन फुगवटे दिसतात. मादीची ही जागा जवळपास सपाट असते. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच निदान पक्के मानावे. पिलांत त्या उमटलेल्याच नसतात. लेपर्ड गेकोत साधारण सहा महिन्यांचे वय होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरते. रुंद डोके, जाड मान किंवा भडक रंग यांवरून केलेला अंदाज अनेकदा चुकतो.

तपासणीसाठी पालीला उलटे करू नये आणि शेपटीला धरून तर मुळीच उचलू नये. घाबरलेली पाल शेपटी टाकून देते. पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात तिला ठेवून खालून पाहावे. मोबाइलवर छायाचित्र काढून ते मोठे करून पाहिल्यास छिद्रे सहज मोजता येतात.

खिडकीच्या काचेवरचा धडा

हे निरीक्षण करण्यासाठी पाल पाळलीच पाहिजे असे नाही. रात्री दिव्यापाशी किडे टिपण्यासाठी पाल खिडकीच्या काचेवर बाहेरून चिकटली, की घरात बसून तिचे पोट दिसते. महाराष्ट्रासह उत्तर भारतात सर्रास आढळणाऱ्या पिवळ्या पोटाच्या पालीत नराच्या प्रत्येक मांडीखाली पाच ते सात छिद्रांची आखूड रांग असते. मादी अंड्यावर आली असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसू शकतात.

छिद्रांची ही मोजणी शास्त्रज्ञांच्याही कामाची आहे. पालींच्या जाती वेगळ्या ओळखताना नराच्या छिद्रांची संख्या आणि मांडणी नोंदवली जाते. वरद गिरी व अ‍ॅरन बाऊर यांनी २००८ मध्ये सातारा परिसरातून ‘हेमिडॅक्टायलस सातारेन्सिस’ या नव्या जातीची नोंद केली. पालींच्या अशा वर्णनांत ही बारीक मोजदाद महत्त्वाची असते.

लिंग ठरवते ऊब

लेपर्ड गेकोच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे अंडी उबवण्याच्या तापमानावर अवलंबून असते. सुमारे २६ अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या जन्मतात, ३२-३३ अंशांना नरांची संख्या जास्त असते, तर ३४ अंशांच्या पुढे पुन्हा माद्याच अधिक निघतात. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी अंडी साध्या खोलीत ठेवली तर हिशेब तर चुकतोच, शिवाय अतिउष्णतेने अंडी वायाही जातात. तापमान स्थिर ठेवण्याची सोय नसेल तर प्रजननाच्या फंदात न पडणेच बरे.

काही जातींत मात्र नर-मादीचा प्रश्नच जवळपास उद्भवत नाही. मोर्निंग गेको या पालीच्या बहुतेक सर्व वसाहती माद्यांच्याच असतात आणि नराविना अंडी घालून त्या वंश वाढवतात. अशी पाल एकटीच ठेवली असली तरी पिले होऊ शकतात.

कायद्याचे भान

पाल विकत घेण्यापूर्वी तिची नेमकी जात आणि ती कोठून आली, हे विचारून घ्यावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींतील प्राणी पकडणे, बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या यादीतील परदेशी प्राण्यांची नोंदणी करणेही बंधनकारक झाले आहे. ईशान्य भारतात आढळणारी टोके पाल औषधी गुणांच्या भाकड समजापायी तस्करीला बळी पडते. २०१९ मध्ये तिचा ‘साइट्स’च्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. महाराष्ट्र व गुजरातच्या खडकाळ भागात लेपर्ड गेकोची एक देशी भावंडजात राहते. ठिपक्यांमुळे ती विषारी असल्याचे समजून मारली जाते. प्रत्यक्षात भारतातील एकही पाल विषारी नाही.

त्यामुळे रानातील किंवा शेतातील पाल पकडून घरी आणू नये. शंका असल्यास वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. पाळलेल्या मादीने खाणे सोडले, पोट फुगले किंवा ती सुस्त पडून राहिली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे विनाविलंब न्यावे. पाल मादी आहे हे आधीच ठाऊक असेल, तर ही लक्षणे वेळेत ओळखता येतात.