नळदुर्गाची सात वर्षे

दिवाळीची सुट्टी लागली की हौशी कुटुंबे थंड हवेच्या गावी निघतात. कुणी महाबळेश्वर गाठतो, कुणी पाचगणी, कुणी माथेरान. तिथे वाटाड्या मिळतो आणि कड्याकड्यावर उभे करून तो साहेबांची नावे सांगतो. हा आर्थर सीट, हा एल्फिन्स्टन पॉइंट, ही मालकमपेठ. माथेरान ठाण्याच्या कलेक्टराने, ह्यू मॅलेटने, १८५० साली हुडकले आणि १९०७ साली तिथे लहान गाडी गेली, एवढे तर शाळेतली पोरेही घडाघडा म्हणतात. डोंगर आपले, झाडे आपली, ओझी वाहणारी माणसेही आपलीच. पण बारसे मात्र साहेबाने केलेले!

आमच्या धाराशिव जिल्ह्यात असे साहेबी गिरिस्थान नाही. बालाघाटाचे डोंगर आहेत, पण त्यांची हवा साहेबाला मानवण्याइतकी थंड नाही. तरीही साहेबाने जिथे कचेरी थाटली, मोजणी केली, न्यायनिवाडे केले आणि पुढे विलायतेला जाऊन ज्या मुलखावर कादंबरी लिहिली, असे एक गाव आमच्याकडे आहे. ते गाव म्हणजे नळदुर्ग. सोलापुराहून हैद्राबादच्या रस्त्याला लागले की पन्नासएक किलोमीटरांच्या आतच ते येते. वाचकहो, या सुट्टीत घरची सगळी मंडळी घेऊन तिथे एक फेरी मारा. वाटाड्याचे काम या लेखापुरते मी करतो.

आधी साहेब इथे आला कसा, ते सांगितले पाहिजे. हा मुलूख निजामाचा. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रजांच्या हुकमतीत, ‘हैद्राबाद कंटिंजंट’ नावाची फौज पोसली जात असे. तिचा पगार थकत गेला आणि कर्जाचा डोंगर झाला. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, २१ मे १८५३ रोजी, निजामाकडून तह लिहून घेण्यात आला. त्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवकडचा पश्चिमेचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. सावकाराने थकलेल्या कर्जापोटी कुळाची जमीन ताब्यात घ्यावी, तशातलीच ही गोष्ट. फरक एवढाच की कर्ज ज्या फौजेसाठी झाले, ती फौज सावकाराच्याच तालावर चालत होती. पुढे १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० साली रायचूर आणि आमचा हा मुलूख त्याला परत मिळाला. वऱ्हाड मात्र साहेबाने सोडला नाही. म्हणजे इथे इंग्रजांचा थेट अंमल उणापुरा सात वर्षांचा. शेजारच्या सोलापुराने तो शंभराहून अधिक वर्षे पाहिला, आम्ही सात.

या सात वर्षांच्या आरंभी डेप्युटी कमिशनर म्हणून नळदुर्गाला आला तो फिलिप मेडोज टेलर. जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधरा वर्षांचा असताना, १८२४ साली, मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीत भागीदारी मिळेल या आशेवर त्याला बोटीत बसवून दिले. इथे येऊन पाहतो तो पेढीच डबघाईला आलेली! एका नातेवाइकाच्या वशिल्याने त्याला निजामाच्या फौजेत नोकरी मिळाली. कंपनी सरकारच्या बड्या नोकरांत तो कधीच मोडला नाही. कॉलेजचे तोंड त्याने पाहिले नव्हते. मोजणी, कायदा, हिंदुस्थानी आणि मराठी भाषा, हे सारे तो इथेच, काम करता करता शिकला. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या गोष्टीचे थोडे कौतुक वाटते, ते मी लपवीत नाही.

नळदुर्गाला आला तेव्हा तो पंचेचाळिशीच्या घरात होता आणि विधुर होता. त्याची बायको मेरी ही हैद्राबादचा नामांकित सावकार विल्यम पामर याची मुलगी. ती १८४४ साली वारली होती. हा पामर एका इंग्रज सेनापतीचा, मुसलमान आईच्या पोटी झालेला मुलगा. त्याच्या पेढीने पूर्वी निजामाला जबर व्याजाने कर्जे दिली होती आणि त्या कर्जांचा गवगवा विलायतेपर्यंत पोहोचला होता. सासऱ्याने निजामाला कर्ज दिले आणि एका वेगळ्या कर्जापायी सुटलेल्या मुलखावर जावई कारभार करायला आला, असा हा योगायोग!

आता किल्ल्यात चला. नळराजा आणि दमयंती यांच्यावरून गावाला नाव पडले, असे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. ते आनंदाने ऐका, पण वहीत टिपू नका. टिपून ठेवायचे ते असे की किल्ला बहमनींकडून आदिलशाहीकडे गेला, सोळाव्या शतकात अली आदिलशहाने त्याला दगडी तट घातला, १६८६ साली तो मोगलांच्या हाती पडला आणि पुढे निजामाचा झाला. टेलरने आपल्या आत्मचरित्रात या जागेचे वर्णन मोठ्या आवडीने केले आहे. बोरी नदीच्या खोऱ्यात पुढे घुसलेले काळ्या पाषाणाचे पठार, त्याचे सरळ तुटलेले कडे, कुठे ५० फूट तर कुठे २०० फूट उंच, आणि कड्यांच्या माथ्यावरून धावणारा तट. हे वर्णन आजही हातात धरून चालता येते. काळा पाषाण कुठे कुठे खांबांसारखा उभा चिरलेला आहे, तेही त्याच्या नजरेतून सुटले नाही.

तटावरून जाताना बुरुजांची नावे मुलांना मोठ्याने म्हणायला लावा. परांडा बुरुज, नगर बुरुज, पुणे बुरुज, संगम, संग्राम, बंदा नवाज. नऊ पाकळ्यांचा नवबुरुज आणि सगळ्यांच्या वर डोके काढून उभा असलेला उपळी बुरुज. उपळीवर चढलात की हत्ती आणि मगर या नावांच्या दोन लांबलचक तोफा दिसतील आणि चहूकडचा मुलूख एका नजरेत येईल. आता आठवा महाबळेश्वर. तिथे कड्याकड्याला साहेबाचे नाव आहे. इथे इतके बुरुज, पण टेलरचे नाव एकालाही नाही. सात वर्षांत बारसे उरकले नाही म्हणा, किंवा नावे आधीच पक्की होती म्हणा.

टेलरने इथे केले काय? जमिनीची मोजणी केली आणि तिच्यासाठी इथलीच माणसे शिकवून तयार केली. रस्त्यांत आणि तळ्यांत लक्ष घातले. लोकांशी तो त्यांच्या भाषेत बोले. ज्या मुलखात त्याने दिवस काढले, तिथले लोक त्याला ‘महादेवबाबा’ म्हणत. मेडोजचा महादेव व्हायला आपल्या जिभेला फारसे कष्ट पडले नसावेत. पण मागे ‘बाबा’ लागतो तो नुसत्या उच्चाराच्या सोयीने लागत नाही. साहेब चांगला होता, हे मान्य केले पाहिजे.

मात्र इथेच वाटाड्याने थोडे थांबायला हवे. मोजणी कशासाठी, तर सारा ठरविण्यासाठी. सारा कशासाठी, तर ज्या फौजेच्या कर्जापायी मुलूख गेला, तिचा पगार भागविण्यासाठी. टेलरने लोकांना छळले नाही, पण ज्या चाकाचा तो आरा होता ते चाक फिरतच होते. याचे सर्वांत दुःखद उदाहरण नळदुर्गाचे नाही, सुरपूरचे आहे. नळदुर्गाआधी दहा-अकरा वर्षे टेलर सुरपूर संस्थानाचा कारभार पाहत होता. तिथला बाळराजा व्यंकटप्पा नाईक त्याच्या देखरेखीखाली वाढला. तो त्याला ‘अप्पा’ म्हणे. १८५८ साली हा तरुण राजा इंग्रजांविरुद्ध उठला आणि पकडला गेला. त्याला फाशीची शिक्षा झाली. ती कमी करून कैदेवर आणली गेली, पण कैदेच्या वाटेवरच पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. टेलरने हे सारे मनापासून हळहळून लिहिले आहे. मुलगा ‘अप्पा’ म्हणतो आणि अप्पा त्याला वाचवू शकत नाही. कारण अप्पा आधी साहेब आहे. मुलांना टेलरच्या भलेपणाबरोबर हेही सांगावे. त्यांना ते कळते. मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

किल्ल्याचे खरे लेणे अजून राहिले. ते म्हणजे बोरीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांच्यामध्ये नदी अडवून हा दगडी बांध घातला आहे. त्यामुळे किल्ल्याला पाणी मिळाले आणि एका बाजूने शत्रूला अडसरही झाला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, हिजरी १०२२ म्हणजे इसवी सन १६१३ मध्ये, तो बांधला गेला. कारागिराचे नाव मीर इमादीन. बांधाच्या आत महाल आहे. नदीला पूर आला की पाणी डोक्यावरून वाहते, खिडकीपुढे पडद्यासारखे कोसळते आणि आत बसलेला माणूस कोरडाच्या कोरडा! सांडणाऱ्या दोन धारांना लोकांनी नर आणि मादी अशी नावे दिली आहेत. हल्ली वरचे बोरी धरण भरून सांडले तरच त्या धारा सुरू होतात. म्हणून दिवाळीत जाणाऱ्यांनी पावसाळा कसा झाला, याची आधी चौकशी करावी. धारा नसल्या तरी महाल पाहावाच. पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे अंधारतील, अशा अर्थाचा फारसी लेख तिथे आहे. चारशे वर्षे झाली, पण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवरून तरी सगळे मित्रच येऊन गेले असे वाटते.

या महालाच्या सज्जातून पुराचा देखावा टेलरनेही पाहिला आणि त्याच्या आठवणीत तो राहिला. १८५७ साली त्याला नळदुर्ग सोडावे लागले. वऱ्हाडात बुलढाण्याला जा, मुलूख शांत ठेव, द्यायला माझ्याकडे फौज नाही, असा रेसिडेंट डेव्हिडसनचा हुकूम आला आणि तो गेला. १८६० साली प्रकृती ढासळून तो विलायतेला परतला. त्याच साली हा मुलूखही निजामाकडे परतला. साहेब आणि साहेबी, दोन्ही एकदमच संपली.

पण गोष्ट संपली नाही. १८३९ साली छापलेल्या एका ठगाच्या जबानीच्या कादंबरीने टेलर आधीच गाजला होता. आता त्याने १८६३ साली ‘तारा’ लिहिली. तिची नायिका आमच्या तुळजापूरची, भवानीच्या पायांशी वाढलेली ब्राह्मणाची मुलगी. अफझलखान आणि शिवाजीमहाराज त्याच कथेत येतात. नळदुर्गाहून तुळजापूर पस्तीसएक किलोमीटर. म्हणजे ज्या घाटावरून आपल्या आज्या नवरात्रात चालत गेल्या, त्याची वाट लंडनच्या वाचकांना दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक झाली होती.

एक गंमत पाहा. टेलरने तीन कादंबऱ्यांची माळ ओवली. ‘तारा’ १६५७ ची, ‘राल्फ डार्नेल’ १७५७ ची, ‘सीता’ १८५७ ची. शिवाजीमहाराजांचा उदय, प्लासी आणि उठाव. दर शंभर वर्षांनी हिंदुस्थानात सत्तेला हादरा बसतो, असा त्याचा हिशेब. हिशेब सुबक आहे, पण अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा आहे. दोन वर्षे अलीकडे ओढल्याखेरीज माळ जुळत नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला हा मोह कसा होतो, हे मला परकेपणाने सांगता यायचे नाही. गोल आकड्यात कथा छान बसते. पण वर्गात उभे राहिले की तारीख मूळ जागी ठेवावीच लागते. किल्ल्यावर मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही करावे. कथा रंगवून सांगावी आणि तारीख खरी सांगावी.

परतीच्या वाटेवर बोरीच्या पुलापाशी थोडे थांबा. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सेना सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. तिची पहिली चकमक इथे नळदुर्गाला झाली. नदीवरचा पूल उडविला गेला असता तर हैद्राबादची वाट तुंबली असती. सैन्याने तो इतक्या झपाट्याने ताब्यात घेतला की पूल शाबूत राहिला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. सात वर्षांच्या इंग्रजी अंमलानंतर हा मुलूख निजामाला परत गेला होता, तो अठ्ठ्याऐंशी वर्षांनी आपल्या माणसांच्या हाती आला.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सारा जिल्हाच नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई. मग ठाणे हलले आणि निजामाच्या नावावरून उस्मानाबाद झाले. २०२३ साली ते पुन्हा धाराशिव झाले. नावे आली, गेली. टेलर १८७६ साली फ्रान्समधल्या मांतोन गावी वारला आणि त्याचे आत्मचरित्र पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने छापून आणले. त्यामुळे त्याचे बोलणे आपल्याला ऐकू येते. मीर इमादीनचे नाव दगडावर राहिले. पण काळा पाषाण फोडून तो बांध ज्यांनी रचला, त्या पाथरवटांचे नाव कुठल्याच लेखात नाही. तटावरून उतरताना एखाद्या चिऱ्यावर मुलांना हात ठेवायला सांगा. छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात.