गजातला कोळसा

स्लॅबसाठी आणलेली सळई वाकवली की वाकते. कानस वाकवू गेलो तर मोडते. दोन्ही पोलादच. बांधकामाच्या सळईत कार्बन शेकडा ०.३ हून अधिक असू नये, असे भारतीय मानक सांगते. कानशीत तो १ हून अधिक असतो. एवढ्याशा कार्बनचे हे महत्त्व ओळखण्यात शास्त्रज्ञही कसे चकले, त्या हकिकतीचा एक धागा मुंबईतून जातो.

१७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे ‘वुट्झ’ पोलादाचा नमुना धाडला. (हे नाव बहुधा कानडी ‘उक्कु’वरून आले.) पुढच्याच वर्षी जॉर्ज पियर्सन यांचा त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीने छापला. शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे! वास्तविक ते म्हैसूर, सेलम, तेलंगण या भागांतले. तेथील कारागीर घडीव लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या काटक्या आणि हिरवी पाने मातीच्या मुशीत बंद करून भट्टीत ठेवीत. काटक्यांचा कोळसा होई, त्यातला कार्बन लोखंडात शिरे. कार्बन शिरला की लोखंड कमी तापमानाला वितळते. वितळल्यावर तो सगळीकडे सारखा पसरे. शेफील्डला लोखंडी गज कोळशात पुरून आठवडाभर तापवीत. तिथे कार्बन पृष्ठभागाशी जास्त आणि गाभ्यात कमी राही. ही खोट काढण्यासाठी हंट्समन यांनी १७४० च्या दशकात तेच गज मुशीत वितळवले.

पोलादात कार्बन असतो हे स्वीडनच्या बर्गमन यांनी १७८१ मध्येच दाखवले होते. तरीही वुट्झच्या बाबतीत पियर्सन यांना लोखंडाच्या ऑक्साइडचा संशय आला. १८०५ मध्ये मशेट यांनी कार्बनकडे नेमके बोट दाखवले. पण १८१९ मध्ये खुद्द फॅरडेंनी श्रेय ॲल्युमिनियमला दिले. फॅरडेही चुकले, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. त्या चुकीतूनच ते स्टोडार्टसह पोलादाच्या मिश्रधातूंकडे वळले.

वुट्झमध्ये कार्बन सुमारे दीड टक्का. म्हणून नेहमीच्या सवयीने पांढरेफेक तापवून घण मारला की युरोपीय लोहारांच्या हाती तुकडे येत. आपल्याकडचे कारागीर ते मंद तांबड्या आचेवर घडवीत.

वर्गात शिवणाची सुई चिमट्यात धरून लालबुंद करा व पाण्यात बुडवा. ती कट्कन मोडेल. दुसरी तशीच तापवून सावकाश निवू द्या; ती वाकेल. सळया बांधायच्या तारेवर हाच प्रयोग केला, तर ती दोन्ही वेळा वाकते. तिच्यात पाणी धरण्याइतका कार्बनच नसतो.