कोटा शैलसमूह

गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात आणि लगतच्या तेलंगणात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उघडा पडलेला जुरासिक काळातील (सुमारे २० ते १६ कोटी वर्षांपूर्वीच्या) गाळाच्या खडकांचा समूह. प्राणहितेकाठच्या कोटा या गावावरून त्याला हे नाव मिळाले. वालुकाश्म, मृण्मय खडक आणि चुनखडक हे त्याचे मुख्य घटक होत. याउलट सातारा-सांगलीकडे असा जीवाश्म राखणारा गाळाचा खडक दृष्टीस पडत नाही. तेथील डोंगर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टाचे असून महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर त्यावर जांभा आहे, आणि तप्त लाव्ह्यात मासा किंवा पान टिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कोट्याची ख्याती प्रथम माशांमुळे झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. बेल यांनी येथे कोळशाच्या शोधात विंधणे घेतली. त्याच सुमारास, १८५१ मध्ये, एगर्टन यांनी येथील लेपिडोटीस डेक्कनेन्सिस या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. चुनखडकाच्या पातळ थरांत चपटे दाबले गेलेले हे मासे हाडाच्या जाड, चौकटीच्या आकाराच्या खवल्यांनी मढलेले असून खवल्यांवरील काचेसारख्या लेपामुळे त्यांची चकाकी अद्याप टिकून आहे. टेट्रागोनोलेपिस, पॅराडॅपेडियम आणि इंडोसीलाकँथस हे येथील अन्य मासे होत. यांपैकी शेवटचा सीलाकँथ गटातला असून, लुप्त समजल्या गेलेल्या या गटातला जिवंत मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ सापडला. कोटा खडक जुरासिकच्या पूर्वार्धातले ठरवले गेले ते मुख्यतः माशांवरूनच. पुढे सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या आधारे ते काहीसे अलीकडचे असावेत, असेही मत पुढे आले.

वनस्पतींत सूचिपर्णी वृक्षांचे अवशेष व कांडशरीरिका (गोड्या पाण्यातील, चुन्याचे फळ धरणारी शैवले) आढळतात. कीटक, उडते सरीसृप व उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांचे दातही मिळाले आहेत. हे दात आकाराने क्षुद्र असले तरी त्यांचे महत्त्व डायनोसॉरच्या हाडांहून कमी नाही.

तथापि सर्वसामान्यांस कोटा माहीत आहे तो बारापासॉरसमुळे. पोचमपल्ली गावाजवळ सापडलेल्या या शाकाहारी डायनोसॉरची मांडीची हाडे माणसाच्या उंचीएवढी असून, रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास हे उत्खनन झाल्याने त्याचे जातिनाम टागोराय ठेवण्यात आले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे.